क्रूझच्या दारातून परत का पाठवतात? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसातून मी सतरा वर्षं लोकांना बोटीवर पाठवते आहे. आमच्याकडे येणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची असतात. कुणी निवृत्तीच्या पैशातून जातं, कुणाला मुलांनी लग्नाच्या वाढदिवसाची भेट दिलेली असते. त्यांच्यापैकी कुणाला धक्क्यावर पोचून, बोट समोर दिसत असताना, "तुम्हाला घेता येत नाही" असं ऐकावं लागलं की मला आजही झोप लागत नाही. त्यातली बहुतेक कारणं घरी, कोल्हापुरातच, महिनाभर आधी सापडण्यासारखी होती. म्हणून लोक आम्हाला जे विचारतात ते आणि जे विचारायला हवं होतं ते, दोन्ही इथे लिहिलं आहे.

बोटीवर घ्यायचं की नाही हे नक्की कोण ठरवतं?

एकच माणूस ठरवत नाही. काउंटरवरचा कर्मचारी कागद बघतो, परदेशी जाणारी बोट असेल तर इमिग्रेशनचा अधिकारी शिक्का मारतो, तब्येतीची शंका आली तर बोटीवरचा डॉक्टर बघतो, आणि शेवटचा शब्द कॅप्टनचा. लोकांना वाटतं, काउंटरवरच्या पोराला नीट समजावलं की तो ऐकेल. त्याच्या हातात काहीच नसतं. अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर पुढच्या देशात कंपनीला दंड होतो आणि त्या माणसाला परत आणायचा खर्चही तिच्याच माथी येतो. अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटीला तर प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी सरकारकडे पाठवावी लागते. यादी गेली की तुमचं नाव त्यात घालणं कुणाच्याच हातात राहत नाही.

मुंबई-गोवा किंवा मुंबई-लक्षद्वीप क्रूझला पासपोर्ट लागतो का?

भारतीय नागरिकाला देशातल्या देशात पासपोर्ट लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स यांपैकी एक चालतं. पण मूळ कार्ड जवळ ठेवा. झेरॉक्सवर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर विसंबून जाऊ नका, आणि पॅन कार्डावर तर मुळीच नाही, त्यावर पत्ता नसतो. लक्षद्वीपला उतरण्यासाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो क्रूझ कंपनी काढते, पण तुम्ही आधी पाठवलेल्या कागदांवरूनच. म्हणून ती माहिती मागतील तेव्हा "उद्या पाठवतो" म्हणू नका.

लहान मुलांचं ओळखपत्रही लागतं. हे हमखास विसरतात. आईवडिलांची आधार कार्डं पाकिटात असतात आणि सहा वर्षांच्या मुलीचं घरी कपाटात.

माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. चालेल का?

हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. ज्या ओळखपत्रावर तुम्ही प्रवास करणार त्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर एक असलं पाहिजे, एवढाच नियम. परदेशी क्रूझ असेल तर पासपोर्ट समोर उघडा ठेवून बुकिंग करा. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव असं तीन भागांचं नाव असतं. फॉर्मवर मात्र दोनच रकाने असतात. मग कुणी वडिलांचं नाव गाळतं, कुणी ते आडनावाच्या रकान्यात टाकतं. पासपोर्टवर मधलं नाव स्वतःच्या नावाला जोडून छापलेलं असेल तर बुकिंगमध्येही तसंच जोडून लिहा.

घरातल्या हाकेच्या नावानं केलेली बुकिंगंही मी पाहिली आहेत. नातवानं आजीचं तिकीट काढताना तिला सगळे जे म्हणतात तेच लिहिलं होतं. निघायच्या दहा दिवस आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. नाव दुरुस्त करून घेणं आधी सोपं असतं, कधी फुकट, कधी थोडे पैसे भरून. धक्क्यावर ते जवळपास अशक्य असतं.

जन्मतारखेचा घोळ आहे, त्यानं अडवतील का?

अडवू शकतात. आपल्या भागात शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिलेली एक अख्खी पिढी आहे. पासपोर्टवर १ जून, आधारवर फक्त साल आणि मुलानं बुकिंग करताना घरच्यांनी सांगितलेली खरी तारीख टाकलेली. खरी तारीख कोणती हा वाद घरात ठेवा. बुकिंगमध्ये पासपोर्टवरचीच टाका.

पासपोर्टला अजून चार महिने आहेत. दौरा तर आठच दिवसांचा आहे ना?

चार महिने पुरत नाहीत. बहुतेक कंपन्या आणि बरेच देश प्रवास संपण्याच्या तारखेपासून पुढे सहा महिने मुदत मागतात. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून भारतात नवा पासपोर्ट काढता येतो, तेव्हा थांबायचं कारणच नाही. कोल्हापुरात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, विभागीय कार्यालय पुण्यात. पोलिस पडताळणीला लागणारा वेळ मात्र धरून चाला.

इथे एक गोष्ट घरोघरी चुकते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुलांचा पाच वर्षांचा, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा. सगळ्या कुटुंबानं एकाच दिवशी पासपोर्ट काढलेले असतात, म्हणून सगळ्यांची मुदत एकच असणार असं वाटतं. आईबाबांचे कागद ठीक आणि पोराचा पासपोर्ट संपलेला, असं होतं. मग कुटुंबातलं एक जण मुलाबरोबर मागे राहतं.

व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल आणि तो व्हिसा अजून चालू असेल, तर जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर घ्या.

आमचा पासपोर्ट २०१९ च्या पुरात भिजला होता. वाळवून ठेवलाय, नाव स्पष्ट दिसतं.

तो बदलून घ्या. ऑगस्ट २०१९ आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्या कितीतरी घरांत असे वाळवलेले पासपोर्ट आहेत. पानं फुगलेली, शिलाई सैल झालेली, फोटोच्या पानावरचं प्लास्टिक कडेनं सुटलेलं. माणसाला नाव वाचता येतं, पण तळातल्या दोन ओळी मशीननं वाचल्या पाहिजेत. प्लास्टिक सुटलेलं दिसलं की अधिकाऱ्याला छेडछाडीचा संशय येतो, आणि तिथे पुराची गोष्ट सांगून उपयोग होत नाही. खराब झालेला पासपोर्ट म्हणून रीतसर अर्ज करता येतो. नातवानं पेनानं रेघोट्या मारलेला पासपोर्टही याच गटातला समजा.

त्या बंदरावर आम्ही उतरणारच नाही. मग तिथला व्हिसा कशाला?

या प्रश्नाचं उत्तर मी फार किंमत मोजून शिकले.

एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी सिएटलला मुलाकडे निघाले होते. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता. मुलानं तिथूनच अलास्काची क्रूझ बुक केली होती. माझ्याकडे ते फक्त विमानाच्या तिकिटासाठी आले. काकूंनी कौतुकानं बोटीचा फोटोही दाखवला. बोट वाटेत कुठे थांबते, हे मी विचारलं नाही. सिएटलहून सुटणाऱ्या अलास्का क्रूझ कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदरावर थांबतात, कारण अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्याप्रमाणे परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतून प्रवासी घेऊन वाटेत कुठल्याही परदेशी बंदरावर न थांबता पुन्हा अमेरिकेतच सोडता येत नाही. मुलाकडे ग्रीन कार्ड होतं, त्याला कॅनडाचा व्हिसा लागत नाही, म्हणून त्याच्या डोक्यात आलंच नाही. आईवडिलांना तो लागत होता. "आम्ही केबिनमध्येच बसून राहतो," असं काका काउंटरवर तीनदा म्हणाले. मुलगा, सून आणि नातवंडंही मग गेली नाहीत.

बोट ज्या देशाच्या पाण्यात आणि बंदरात जाते, त्या देशाच्या लेखी तुम्ही तिथे पोचलेले असता. पायरी उतरा की उतरू नका. काही देश क्रूझ प्रवाशांना सूट देतात, पण ती सूट आहे हे लेखी वाचल्याशिवाय धरून चालू नका. त्या दिवसापासून आमच्याकडे नुसतं विमानाचं तिकीट मागायला आलेल्यालाही मी विचारते: तिथे गेल्यावर बोटीत बसणार आहात का?

सिंगल एंट्री व्हिसा चालतो का?

बोट एका देशातून निघून दुसरीकडे जाऊन परत तिथेच येत असेल, तर सहसा नाही. अथेन्सजवळच्या पिरिअस बंदरातून निघालेली बोट तुर्कस्तानातल्या कुशादासीला गेली की तुम्ही शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर पडलात. परत ग्रीसला येताना दुसरा प्रवेश लागतो. दुबईहून ओमानला जाऊन परत दुबईला येणाऱ्या क्रूझचंही तेच. व्हिसा अर्जाबरोबर क्रूझचा पूर्ण कार्यक्रम जोडा आणि मल्टिपल एंट्रीच मागा. व्हिसा हातात आला की त्यावर काय छापलंय ते त्याच दिवशी बघा.

युरोप म्हणजे सगळं शेंगेन नव्हे, हेही सांगून ठेवते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, पण कोटोर हे सुंदर बंदर ज्या मॉन्टेनेग्रोत आहे तो देश नाही. ब्रिटन आणि आयर्लंडही नाहीत.

मलेशिया-थायलंडला तर आता व्हिसाच लागत नाही?

डिसेंबर २०२३ पासून मलेशियानं भारतीयांना ३० दिवसांची व्हिसामुक्त सवलत दिली, त्याच्या महिनाभर आधी थायलंडनंही दिली. अशा सवलती मुदतीच्या असतात, तेव्हा निघताना पुन्हा तपासा. पण व्हिसा नाही म्हणजे कागदच नाही असं होत नाही. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, तिन्ही देशांची ऑनलाइन आगमनपत्रं भरावी लागतात. थायलंडचं १ मे २०२५ पासून सुरू झालं. ती सरकारी संकेतस्थळांवर फुकट भरता येतात, पैसे मागणाऱ्या साइट खोट्या किंवा दलालांच्या असतात. आणि बोट सिंगापूरहून सुटत असेल तर सिंगापूरचा व्हिसा लागतोच.

सूनबाईला पाचवा महिना आहे. जाऊ दे का?

आठवडे मोजा, महिने नको. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा की प्रवासाच्या कुठल्याही दिवशी २४वा आठवडा सुरू होत असेल तर बाईला घेत नाहीत. चढताना २३ आठवडे आणि आठवड्याभराची क्रूझ, म्हणजे नकार. त्याच्या आतलं असेल तर डॉक्टरांचं पत्र घ्या. त्यात आठवडे, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि प्रवासास हरकत नाही असं स्पष्ट वाक्य हवं. हा नियम कडक वाटतो, पण मला तो पटतो. बोटीवर डॉक्टर असतो, दवाखाना असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जपणारा विभाग मात्र नसतो आणि किनारा दोन दिवस लांब असू शकतो.

तान्ह्या बाळाला नेता येतं का? मांडीवरच बसणार आहे.

किमान सहा महिन्यांचं हवं, महासागर पार करणाऱ्या लांबच्या सफरींना बरेचदा एक वर्षाचं. आणि बाळाचं वेगळं बुकिंग हवंच. एसटीत मांडीवर बसवतो तसं इथे नाही. १९१२ ला टायटॅनिक बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रातल्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि तेव्हापासून बोटीवरच्या प्रत्येक जिवासाठी जीवनौकेत जागा हा पायाच धरला गेला आहे. त्यात बाळही एक जीव. केबिनमध्ये चौथा पलंग रिकामा असूनही "जागा नाही" म्हणतात, त्यामागेही हेच असतं. त्या भागाच्या जीवनौकेतल्या जागा संपलेल्या असतात.

नातवंडांना आम्ही आजी-आजोबाच घेऊन चाललोय.

दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, त्यांच्या ओळखपत्राच्या प्रती आणि मुलाचा जन्मदाखला घ्या. आईवडिलांपैकी एकच बरोबर असेल तरी दुसऱ्याचं पत्र घ्या. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा कोर्टाचा आदेश, एक पालक वारला असेल तर मृत्यूचा दाखला. हे कागद मागताना मलाही अवघड वाटतं. पण अनोळखी अधिकाऱ्याला तुमचं घर माहीत नसतं, आणि मूल पळवून नेलं जात नाही ना, हे पाहणं त्याचं काम आहे.

आम्ही चौघं मित्र, सगळे १९-२० वर्षांचे.

अमेरिकेतून सुटणाऱ्या बऱ्याच बोटींवर केबिनमध्ये एक जण तरी २१ चा लागतो. आशियात आणि युरोपात बरेचदा १८ चालतं. कंपनीगणिक फरक आहे, बुकिंगआधी विचारा.

कालपासून पोट बिघडलंय. फॉर्मवर लिहू का?

लिहा. चढण्याआधी उलटी, जुलाब, ताप यांबद्दल विचारतात, ते नोरोव्हायरससाठी. हा विषाणू जेवणाच्या चमच्यावरून, कठड्यावरून, दाराच्या कडीवरून पसरतो, आणि बंद बोटीत हजारो माणसं तोच कठडा धरतात. २०२० च्या फेब्रुवारीत डायमंड प्रिन्सेस या क्रूझच्या बोटीवर कोरोना कसा पसरला, ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली, ते जगानं पाहिलं. खरं लिहिलं म्हणून प्रत्येकाला परत पाठवत नाहीत. बऱ्याचदा डॉक्टर तपासून सोडतो, किंवा एक-दोन दिवस केबिनमध्ये राहायला सांगतो. खोटं लिहिलं आणि पुढे कळलं तर वाटेतल्या बंदरावर उतरवतात, घरी यायचा खर्च तुमचा.

दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेच्या क्रूझला पीतज्वराची (यलो फीवरची) लस लागते का, तेही पाहा. दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो, म्हणजे आदल्या आठवड्यात टोचून भागत नाही. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. भारतात परत येतानाही तो मागतात.

वडील व्हीलचेअरवर आहेत. नाकारतील का?

व्हीलचेअर आहे म्हणून नाकारू नये, आणि युरोपात तर तसा नियमच आहे. अडचण येते ती आधी न कळवल्यामुळे. साध्या केबिनचं दार अरुंद असतं, चाकाची खुर्ची आत जात नाही, आणि रुंद दाराच्या केबिनी मोजक्याच असतात. ऑक्सिजन, डायलिसिस, बॅटरीवर चालणारी गाडी, सगळं बुकिंगच्या वेळी लेखी कळवा. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही त्यांच्याबरोबर सोबती हवाच. काही बंदरांवर बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीतून उतरवतात. तिथे वडिलांना बोटीवरच थांबावं लागेल, हे त्यांना आधी सांगून ठेवा.

कांदा-लसूण मसाला, चटणी, भडंग नेऊ का?

घरी केलेलं आणि उघडं खाणं बहुतेक बोटी घेत नाहीत, कंपनीच्या बंद पाकिटातलं कोरडं सहसा चालतं. एवढ्यावरून तुम्हाला परत पाठवत नाहीत, पुडी काढून घेतात. पण दुबईच्या क्रूझबद्दल मी हात जोडून सांगते: आपल्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे. सिंगापूरलाही ती नेऊ नका. विड्याची पानं, गुटखा, तंबाखूची मिसरी घरीच ठेवा. सिंगापूरला चघळायचा तंबाखू आणि ई-सिगारेट दोन्हींवर बंदी आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन हा अफूच्या जातीचा पदार्थ असतो. अशी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात न्या आणि त्या देशात ती चालतात का ते आधी पाहा.

इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, कॉइल, मेणबत्ती, कापूर, निरांजन काढून घेतात. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते. शस्त्र किंवा अमली पदार्थ सापडला तर प्रवास तिथेच संपतो आणि पोलिस येतात.

प्यायलेल्या माणसाला घेतात का?

तोल जाताना दिसला तर नाही. काउंटरवर आरडाओरडा, शिवीगाळ केली तरीही नाही. आधीच्या प्रवासात गोंधळ घातलेल्यांची नावं कंपन्या लक्षात ठेवतात. चढल्यावर होणारी सुरक्षेची कवायतही टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडून ३२ माणसं गेली, तेव्हा कित्येक नव्या प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. २०१५ पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. जो ती नाकारतो त्याला उतरवू शकतात.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशीची बोट पकडता येईल का?

गाडी वेळेवर आली तर येते. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, जवळच आहे. पण मी कुणालाच हा सल्ला देत नाही. काउंटर बोट सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं आणि बोट थांबत नाही. आदल्या दिवशीच्या कोयना एक्स्प्रेसनं निघा, रात्री मुंबईत मुक्काम करा. रस्त्यानं जात असाल तर घाटातली कोंडी धरा. पावसाळ्यात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन रस्ता दिवसचे दिवस बंद राहिलेला आपण पाहिलाय. सिंगापूर, दुबईला विमानानं जाऊन बोट धरायची असेल तरी आदल्या दिवशी पोचा.

नाकारलं तर पैसे परत मिळतात का?

कागद अपुरे असतील तर सहसा नाही. कागद पुरे करणं प्रवाशाची जबाबदारी, असं तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. नेहमीचा प्रवास विमाही ही चूक भरून देत नाही. कंपनीनं जादा बुकिंग घेतल्यामुळे जागा उरली नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे परतावा मागाच. एजंटनं चुकीचं सांगितलं असेल, नाव चुकीचं टाकलं असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार करता येते. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५. त्यासाठी एजंटशी झालेलं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर लेखी असू द्या. हे मी स्वतः एजंट असून सांगते.

काउंटरवर नकार मिळालाच, तर त्या क्षणी काय करायचं?

नक्की कोणता कागद कमी आहे ते विचारा आणि लेखी मागा. वरिष्ठाला बोलवायला शांतपणे सांगा. बोट सुटायला वेळ असेल तर काही गोष्टी जमतात: विसरलेलं आगमनपत्र फोनवर भरणं, हॉटेलात राहिलेला पासपोर्ट आणणं. पुढच्या बंदरावर बोट धरता येईल का, हेही विचारा. कधी परवानगी मिळते, पण तिथे पोचायचा व्हिसा आणि खर्च तुमचा. बरोबरच्या बाकीच्यांनी जायचं की थांबायचं, हे त्या घाईत ठरवावं लागतं, म्हणून घरीच एकदा बोलून ठेवा.

आणि हमालाकडे बॅग देण्याआधी एकदा थांबा. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि त्या थेट केबिनशी पोचतात, संध्याकाळपर्यंत हातात येत नाहीत. पासपोर्ट मोठ्या बॅगेत ठेवून ती हमालाकडे दिलेली माणसं मी पाहिली आहेत. पासपोर्ट, व्हिसा, डॉक्टरांचं पत्र, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, फोनचा चार्जर खांद्याच्या पिशवीत ठेवा. ती पिशवी घरातल्या सगळ्यात शांत माणसाच्या खांद्यावर द्या.